लंडनच्या काउन्सिलांनी मिळून घेतलेली ऑनलाइन लैंगिक आरोग्यसेवा: तुमचे अनुभव हवे आहेत

पाणवठा

गेली काही वर्षे मी लंडनमधल्या एका बरोच्या (शहराच्या प्रशासकीय विभागाच्या) काउन्सिलमध्ये सार्वजनिक आरोग्य विभागात काम करते आहे. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. लैंगिक संसर्गाची तपासणी घरपोच आणि मोफत होते हे अनेकांना ठाऊकच नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना ती सरसकट एनएचएस, म्हणजे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा, देते असे वाटते. प्रत्यक्षात तिचे पैसे आपली काउन्सिल भरते. आमच्याकडे सध्या पुढच्या कंत्राटाचा विचार चालू आहे. या सेवेबद्दल मराठी घरांतून काहीच ऐकू येत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. मी इथे व्यक्तिशः लिहिते आहे, काउन्सिलच्या वतीने नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. २०१२ च्या कायद्यानुसार १ एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमध्ये लैंगिक आरोग्याची बरीचशी जबाबदारी स्थानिक काउन्सिलांकडे आली. संसर्गाची तपासणी, त्यावरचे उपचार आणि गर्भनिरोधनाची बहुतेक साधने त्यांच्या वाट्याला आली, तर एचआयव्हीचे उपचार एनएचएसकडेच राहिले. कायद्याने या सेवेला एक अट घातलेली आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. कोणीही, कुठेही राहणारा असो, कोणत्याही क्लिनिकमध्ये जाऊ शकतो आणि पत्त्यावरून त्याला परत पाठवता येत नाही. ब्रेंट बरोमध्ये राहणारा मुलगा दुपारच्या सुट्टीत मध्य लंडनमधल्या सोहोतल्या क्लिनिकमध्ये गेला, तर बिल ब्रेंटला येते आणि रूढ पद्धतीप्रमाणे ब्रेंट ते भरते.

हे तत्त्व उत्तम आहे, पण हिशोबाच्या बाजूने त्याचा अर्थ असा झाला की प्रत्येक बरोला शहरभरच्या क्लिनिकांकडून बिले येऊ लागली. आपला किती रहिवासी कुठे जाईल यावर बरोचा काही ताबा नव्हता आणि एकटीने वाटाघाटी करायला बळही नव्हते. त्यातच २०१५ मध्ये सरकारने सार्वजनिक आरोग्याच्या अनुदानातून चालू वर्षातच २० कोटी पौंड कापले. म्हणून लंडनच्या बहुतांश बरो एकत्र आल्या. क्लिनिकसाठी सामायिक दर ठरवले गेले आणि ऑनलाइन तपासणीची सेवा सगळ्यांसाठी एकदाच निविदा काढून घेण्यात आली. ते कंत्राट सगळ्यांच्या वतीने सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने, म्हणजे लंडनच्या जुन्या मध्यभागाच्या काउन्सिलने, केले. २०२१ च्या जनगणनेत तिची स्वतःची लोकवस्ती जेमतेम साडेआठ हजारांची होती, पण एका घराने सर्वांच्या वतीने व्यवहार सांभाळावा तशी ही रचना आहे. शेफिल्डच्या प्रिव्हेंटेक्स कंपनीला काम मिळाले आणि जानेवारी २०१८ मध्ये 'सेक्शुअल हेल्थ लंडन' ही सेवा सुरू झाली.

संकेतस्थळावर प्रश्नावली भरली की साधे, नाव-गाव न सांगणारे खोके टपालाने येते. नमुने आपणच घ्यायचे आणि पोस्टात टाकायचे. निकाल मोबाइलवर कळतो. वयाची किमान अट १६ वर्षांची आहे.

माझे मत आधीच सांगून ठेवते. काउन्सिलांनी एकत्र येऊन ही सेवा घेतली हे योग्यच झाले, कारण संसर्ग बरोची हद्द पाहून थांबत नाही. पण या सेवेचे मोजमाप किती किट गेले यावर होऊ नये, कोण आलेच नाही यावर व्हायला हवे. तुमचा अनुभव काय आहे? वापरली असेल तर कशी वाटली, आणि वापरली नसेल तर का नाही?

उंबरठा

हा विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. मी 'का नाही' या बाजूची आहे.

लग्नानंतर मी डिपेंडंट व्हिसावर इथे आले. हॅरोमध्ये एका घरात आम्ही दोघे आणि आणखी एक मराठी जोडपे असे राहत होतो. दारातल्या फटीतून टपाल पडायचे ते सगळ्यांचे एकत्र पडायचे, आणि जो आधी घरी येईल तो ते उचलून जिन्याच्या पायरीवर रचून ठेवायचा. काही कारणाने मला तपासणी करून घ्यावी असे वाटू लागले होते. रात्री सगळे झोपल्यावर मी प्रश्नावली शेवटच्या पानापर्यंत भरली आणि पत्ता टाकायच्या रकान्यापाशी थांबले. खोके साधे असते हे तिथे लिहिलेले होते. पण आमच्या घरात साधे खोके आले की "काय मागवलंस गं?" हा प्रश्न ठरलेला असायचा. त्यात वाईट हेतू काहीच नसायचा. मला मात्र त्याला उत्तर देता आले नसते.

शेवटी मी एका क्लिनिकमध्ये गेले. तिथे पडद्याआड बसून एका बाईने मला शांतपणे विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?" त्या दिवशी माझी खरी तपासणी त्या प्रश्नानेच सुरू झाली. प्रश्नावलीत तो प्रश्न असता तरी मी 'हो' वर टिचकी मारून पुढे गेले असते.

पाणवठा

उंबरठा, तुम्ही हे लिहिलेत यासाठी मी तुमची ऋणी आहे. किट क्लिनिकमधून हातात घेऊन जाण्याची सोय काही ठिकाणी आहे, पण ती ठळकपणे सांगितली जात नाही. तुमच्यासारख्या घरांसाठी ती पहिल्याच पानावर दिसायला हवी. हा मुद्दा मी नक्की मांडेन.

इतर वाचकांसाठी एक खुलासा करते. लैंगिक संसर्गाची तपासणी आणि उपचार इंग्लंडमध्ये सर्वांना मोफत आहेत, व्हिसा कोणताही असो. २०१२ च्या ऑक्टोबरपासून एचआयव्हीचे उपचारही याच यादीत आले. तुमच्या संमतीशिवाय हे तुमच्या जीपीला (फॅमिली डॉक्टरला) कळवले जात नाही, मग नवऱ्याला किंवा बायकोला कळवणे तर दूरच राहिले.

स्लावचा_वाटसरू

मी लंडनच्या हद्दीबाहेर, स्लावमध्ये राहतो आणि कामाला रोज पॅडिंग्टनला येतो. गेल्या वर्षी लंडनच्या संकेतस्थळावर माझा पिनकोड टाकला, तर तुम्ही या सेवेच्या क्षेत्रात राहत नाही असे उत्तर आले. मी त्यावरून असे समजून चाललो की मला कुठेच काही मिळणार नाही, आणि चार महिने तसाच राहिलो.

क्लिनिक सर्वांना खुले आहे असे तुम्ही म्हणता, मग तेच तत्त्व ऑनलाइन सेवेला का लागू नाही? माझा दिवस लंडनमध्ये जातो आणि माझे मित्रही लंडनमध्येच आहेत. मी फक्त झोपायला बर्कशायरमध्ये जातो.

पाणवठा

तुमचा प्रश्न अगदी वर्मावर आहे. क्लिनिकमध्ये आलेल्या माणसाचे बिल त्याच्या गावच्या काउन्सिलला पाठवण्याची पद्धत रूढ आहे. ऑनलाइन किटचे तसे नाही. जी काउन्सिल करारात आहे आणि आपल्या वाट्याचे पैसे भरते, तिच्याच रहिवाशांना किट जाते. स्लावची काउन्सिल स्वतंत्र आहे आणि तिची व्यवस्थाही वेगळी आहे. तिथल्या लैंगिक आरोग्य सेवेच्या पानावर तुम्हाला तिचा दुवा मिळेल. आणि लंडनमधल्या कुठल्याही क्लिनिकचे दार तुम्हाला आजही उघडे आहे, ते कोणी बंद करू शकत नाही.

पण त्या उत्तराच्या खालीच "तुमच्या भागातील सेवा इथे आहे" असे लिहिले असते, तर तुमचे चार महिने वाचले असते. संयुक्त करार करताना कुंपण कुठवर घालायचे याची चर्चा खूप होते. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाट कोण दाखवणार, याची पुरेशी होत नाही.

निरांजन

मी लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये परिचारिका आहे आणि दुसरी बाजू मांडते. ऑनलाइन सेवेला माझा विरोध नाही. ज्यांना काहीच त्रास नाही आणि फक्त खात्री करून घ्यायची आहे, त्यांनी रांगेत दोन तास का बसावे? पण या सेवेने काय होते आणि काय होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

परमा (गनोरिया) झाला, तर त्यावरचा नेहमीचा उपचार म्हणजे सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनचे १ ग्रॅमचे इंजेक्शन, तेही स्नायूत द्यावे लागते. उपदंशाला (सिफिलिसला) पेनिसिलिनचे इंजेक्शन कमरेखाली द्यावे लागते. ही दोन्ही टपालाने पाठवता येत नाहीत. क्लॅमिडिया या संसर्गावरच्या गोळ्या पाठवता येतात, पण बाकीच्यांना शेवटी आमच्याकडेच यावे लागते. परम्याचे जंतू औषधांना दाद देईनासे होत आहेत का, हे तपासण्यासाठी त्यांची प्रयोगशाळेत वाढ करून बघावी लागते आणि त्यासाठी ताजा नमुना क्लिनिकमध्येच घ्यावा लागतो. अंगावर उठलेली पुळी किंवा फोड कोणी तरी डोळ्यांनी बघावा लागतो. तांबी बसवायची किंवा दंडात गर्भनिरोधक इम्प्लांट घालायचे, तर हातच लागतात.

म्हणजे सोपे रुग्ण ऑनलाइन जातात आणि अवघड रुग्ण आमच्याकडे उरतात. एका रुग्णाला पूर्वी दहा मिनिटे पुरत असत, आता चाळीस लागतात. क्लिनिकला मिळणारा दर मात्र सोपे आणि अवघड रुग्ण एकत्र येत होते त्या काळच्या सरासरीवर बेतलेला असेल, तर क्लिनिक तोट्यात जाते. मग वेळा कमी होतात, आणि भेटीची वेळ न घेता येणाऱ्यांना सकाळी साडेनऊलाच "आजच्या जागा संपल्या" असे सांगावे लागते. ते सांगणारी मीच असते. ऑनलाइनमुळे वाचलेले पैसे क्लिनिकमध्येच राहिले पाहिजेत, हे कंत्राटात लिहिलेले असावे अशी माझी कळकळीची मागणी आहे.

करदाता_ईलिंग

मला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायचा आहे. काउन्सिल टॅक्स दरवर्षी वाढतो, वृद्धांची काळजी घेणारी माणसे मिळत नाहीत आणि रस्त्यांत खड्डे आहेत. स्वतःच्या वागण्यातून ओढवून घेतलेल्या आजाराच्या तपासणीचे पैसे आपण सगळ्यांनी मिळून का भरावेत? आणि ती घरपोचसुद्धा का?

पाणवठा

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. ही सेवा मुख्यतः सरकारकडून येणाऱ्या सार्वजनिक आरोग्याच्या अनुदानातून चालते. तो निधी याच प्रकारच्या कामांसाठी राखलेला असतो, खड्ड्यांसाठी वापरता येत नाही. हेल्थ फाउंडेशन या स्वतंत्र संस्थेच्या हिशोबाप्रमाणे २०१५-१६ पासून २०२४-२५ पर्यंत महागाई वजा जाता हे अनुदान दरडोई चतुर्थांशाहून अधिक घटले आहे. म्हणजे तुम्हाला काळजी वाटते त्याच्या उलट घडले आहे.

दुसरे असे की लागण झालेल्या माणसाला अनेकदा काहीच लक्षण जाणवत नाही. त्याचा दोष काय आणि कोणाचा, हे ठरेपर्यंत ती पुढे गेलेली असते. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये परम्याची ८५,२२३ निदाने झाली. १९१८ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यांतला तोवरचा हा सर्वांत मोठा आकडा आहे. उपदंशाच्या संसर्गजन्य अवस्थेची ९,५१३ निदाने झाली, ती १९४८ नंतरची तोवरची सर्वाधिक. यात एकनिष्ठ राहिलेल्या बायका आहेत आणि गरोदर स्त्रियाही आहेत. उपदंश गर्भापर्यंत पोहोचतो.

जुने_दप्तर

'स्वतःच्या वागण्यातून' हा युक्तिवाद इथे शंभर वर्षांपूर्वीही झाला होता, आणि त्यावर तेव्हा काय ठरले हे वाचण्यासारखे आहे. १९१३ मध्ये ब्रिटनमध्ये गुप्तरोगांवर एक शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल आला त्याच वर्षी, १९१६ मध्ये, नियम झाले की कौंटी काउन्सिलांनी आणि मोठ्या शहरांच्या काउन्सिलांनी तपासणी आणि उपचार मोफत द्यावेत, रुग्णाचे नाव गुप्त राखावे आणि खर्चाचा पाऊण हिस्सा मध्यवर्ती सरकारने उचलावा. महायुद्ध चालू असतानाचा हा निर्णय आहे. शिक्षेच्या आणि लाजेच्या भीतीने लोक लपतात आणि लपलेला रोग पसरतो, हे तेव्हाच ओळखले गेले होते. १९४८ मध्ये एनएचएस आली तेव्हा हे काम तिच्याकडे गेले आणि २०१३ मध्ये पुन्हा काउन्सिलांकडे आले. त्यामुळे काउन्सिलने हे करणे नवलाचे नाही, ते तिचे जुनेच काम आहे.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना त्याच वर्षी निघाला. कर्वे यांना त्यासाठी काय सोसावे लागले ते मराठी वाचकाला सांगायला नको. पण या विषयावर उघडपणे बोलण्याची परंपरा आपल्या भाषेत आहे, हे परदेशात आलेल्या आपल्या मुलांना सांगायला हवे.

काटकोन

मी आकडेवारीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून ऑनलाइन सेवेने तपासणी खरेच वाढते का हे पाहिले. ऑनलाइन तपासणीची एक चांगली चाचणी लॅम्बेथ आणि सदर्क या दोन बरोंमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १६ ते ३० वयाच्या २,०७२ जणांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटले. एका गटाला ऑनलाइन किटच्या सेवेचा दुवा दिला आणि दुसऱ्याला जवळच्या क्लिनिकांची यादी असलेल्या पानाचा. सहा आठवड्यांत पहिल्या गटातील ५० टक्के लोकांनी तपासणी केली, दुसऱ्या गटातील २६.६ टक्के लोकांनी. म्हणजे तपासणीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले.

पण त्याच चाचणीत उपचार मिळालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १.१ टक्के आणि दुसऱ्यात ०.७ टक्के होते, आणि हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. निरांजन यांनी अनुभवातून जे लिहिले त्याच्याशी हे जुळते. किट दारापर्यंत पोहोचवणे जमले आहे. निदान झालेल्या माणसाला इंजेक्शनपर्यंत पोहोचवणे हे वेगळे काम आहे आणि त्याला माणसे लागतात. म्हणून नव्या कंत्राटात पैसे परत आलेल्या नमुन्यांवर तर मोजावेतच, पण निदानापासून उपचारापर्यंत किती दिवस लागले हेही मोजावे.

आणखी एक गोष्ट बरोनिहाय तपासायला हवी. गरीब वस्त्यांतून, स्थलांतरितांतून आणि दक्षिण आशियाई घरांतून किती मागणी येते? एकत्रित अहवालात सरासरी छान दिसते आणि तिच्याखाली एखादी वस्ती संपूर्ण झाकली जाते. संयुक्त कराराचा हा खरा धोका मला वाटतो. तीस जणांची मिळून जबाबदारी असली की ती वस्ती नेमकी कोणाची हे विचारणारे कोणी राहत नाही.

सह्याद्रीपायथा

मी पुण्यात डॉक्टर आहे. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' आणि एचआयव्हीची समुपदेशन व तपासणी केंद्रे आहेत, दोन्ही मोफत आहेत, आणि १०९७ ही मदतवाहिनीही मोफत आहे. पैसा मुख्यतः केंद्राकडून, नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेमार्फत राज्याच्या संस्थेकडे येतो. मुंबईची मात्र १९९८ पासून महापालिकेशी जोडलेली स्वतंत्र संस्था आहे. त्यामुळे अनेक पालिकांनी मिळून कंत्राट देण्याची वेळ आपल्याकडे आलेली नाही, आणि इथली तुलना मी फार ताणणार नाही.

पण माझे बरेच रुग्ण शिक्षणासाठी इंग्लंडला जातात. जाण्याआधी ते लसींबद्दल विचारतात, दातांची डागडुजी करून घेतात, चष्म्याची जोडी जास्तीची घेतात. तिकडे ही तपासणी मोफत मिळते हे त्यांना मी आजवर सांगितले नव्हते, कारण मलाच ठाऊक नव्हते. आता सांगेन.

उंबरठा

भाषेबद्दलही लिहावेसे वाटते. 'गुप्तरोग' या शब्दातच तो लपवण्याची सूचना आहे. माझ्या आईपुढे मी तो शब्द उच्चारू शकत नाही, आणि 'लैंगिक संसर्ग' म्हटले तर तिला काही कळत नाही. क्लिनिकमध्ये मला मराठी दुभाषी हवी का असे विचारले होते. मी नको म्हटले, कारण लंडनमधली मराठी माणसे एकमेकांना कुठून ना कुठून ओळखतात आणि मला अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलणेच सुरक्षित वाटले. म्हणून भाषांतरित पान मला जास्त उपयोगी पडले असते. ते एकटीने, रात्री वाचता येते आणि कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

पाणवठा

हे मला सुचले नव्हते. 'दुभाषी उपलब्ध' असे लिहून आम्ही आमचे काम झाले असे समजतो. लहान समाजात दुभाषीच अडचण ठरू शकते, हे मी माझ्या टिपणात तुमच्याच शब्दांत, नाव न घेता, मांडेन. चालेल ना?

उंबरठा

चालेल.

तिसरा_प्रयत्न

सगळी चर्चा वाचली. माझी अडचण फार साधी आहे, म्हणून विचारायला संकोच वाटत होता. मी दोनदा किट मागवले आणि दोन्ही वेळा रक्त कमी पडल्याचा निरोप आला. लघवीचा नमुना चालला, पण एचआयव्ही आणि उपदंशाचा निकाल मिळाला नाही. बोटाला तीनदा टोचून थेंब दोनच आले. आता तिसरे किट टेबलावर पडून आहे आणि हात लावावासा वाटत नाही.

निरांजन

संकोच अजिबात करू नका, हे फार जणांचे होते. आधी एक विचारते. संबंध येऊन किती दिवस झाले? एचआयव्हीचा निकाल खात्रीचा मिळायला ४५ दिवस जावे लागतात आणि उपदंशाला १२ आठवडे. त्याआधीही तपासणी करावी, पण मग नंतर पुन्हा करावी लागते. मात्र गेल्या ७२ तासांतला धोका असेल, तर किटची वाट पाहू नका, आजच क्लिनिक किंवा रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा. तिथे एचआयव्ही टाळणारी औषधे सुरू करता येतात.

आता रक्ताचे सांगते. आंघोळ करून लगेच बसा, किंवा पाच मिनिटे हात कोमट पाण्यात धरा. त्याआधी दोन पेले पाणी प्या. नळी, सुई, पट्टी सगळे उघडून मांडून ठेवा, नळीचे झाकण आधीच काढा. बसून करू नका, उभे राहा आणि हात कमरेच्या खाली सोडा. ज्या हाताने लिहीत नाही त्याची करंगळीशेजारची अनामिका घ्या. बोटाच्या टोकावर मधोमध टोचू नका, थोडे कडेला टोचा आणि सुई घट्ट दाबून धरा. बहुतेक जण भीतीने ती अलगद टेकवतात आणि जखम वरवरची होते. पहिला थेंब पुसून टाका. मग तळव्यापासून बोटाकडे हळूहळू, गाय दुहावी तसे, रक्त उतरवत न्या. टोक पिळू नका, त्याने रक्तपेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. धार थांबली तर दुसऱ्या बोटाला दुसरी सुई वापरा, किटमध्ये एकापेक्षा जास्त असतात. खुणेच्या रेषेपर्यंत नळी भरली की झाकण लावून हलकेच वर-खाली करा आणि लेबलवर जन्मतारीख लिहायला विसरू नका.

त्याच दिवशी पोस्टात टाका. शक्यतो सोमवार ते गुरुवार या दिवसांत, पेटी उघडण्याच्या वेळेआधी टाका, म्हणजे नमुना शनिवार-रविवार पेटीत पडून राहणार नाही. आणि या वेळीही जमले नाही, तर किट तसेच पिशवीत घालून क्लिनिकमध्ये या. आम्ही दंडातून रक्त घेऊ, त्याला दोन मिनिटे लागतात.